ठोके परत आले, पण वाटाण्याएवढ्या ग्रंथीचं काय?

‘ठोके परत आले!’ आयसीयूच्या दाराबाहेर ताटकळलेल्या माणसांना याहून मोठी बातमी नसते. म्हणूनच पहिला गैरसमज इथेच रुजतो: रक्त पुन्हा फिरू लागलं, आता सगळं ठीक. मॉस्कोच्या व्लादिमीर नेगोव्स्की यांनी १९७२ मध्ये पुढच्या अवस्थेला ‘पुनरुज्जीवनोत्तर आजार’ असं वेगळं नाव दिलं. रक्त थांबलं की पेशीतली ऊर्जा काही मिनिटांत आटते, सोडियम बाहेर टाकणारे पंप थांबतात आणि पेशी सुजते. रक्त परतल्यावर प्राणवायू मिळतो, पण पेशीला नव्याने इजाही होते.

कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पिट्युटरी ग्रंथी या तडाख्यात सापडते. तिच्या पुढच्या भागाला बहुतेक रक्त मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून येणाऱ्या बारीक शिरांतून, कमी दाबाने मिळतं. रक्तदाब कोसळला की अडचण इथे लवकर होते.

पण सगळी ग्रंथी एकदम मरते, हेही खरं नाही. ताण ओळखणाऱ्या पेशी तर आपला साठा रक्तात ओततात आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. काही पेशी सुजून सावरतात, काही मरतात. वाढीचं संप्रेरक बनवणाऱ्या पेशी त्यातल्या त्यात नाजूक. मागच्या भागाची गोष्ट वेगळी. तिथे साठवलेलं, लघवीवर ताबा ठेवणारं संप्रेरक मुळात हायपोथॅलॅमसमध्ये बनतं. म्हणून हृदय सुरू झाल्यावर लघवीचा लोट लागला, तर डॉक्टर मेंदूच्या इजेचीच काळजी करतात.

आयसीयूतल्या रिपोर्टात थायरॉईडचं संप्रेरक कमी दिसलं की ‘पिट्युटरी गेली’ असं समजणं घाईचं ठरतं. कुठल्याही गंभीर आजारात ते उतरतं आणि बहुधा आपोआप सावरतं.

खरी फसवणूक होते ती उशिरा. ग्रंथीचा मोठा भाग गेल्याशिवाय लक्षणं दिसत नाहीत. याचा सगळ्यात ओळखीचा पुरावा बाळंतिणींचा आहे. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये दाखवलं, की बाळंतपणात अतोनात रक्त गेलं, तर गरोदरपणात फुगलेली पिट्युटरी मरू शकते. त्यासाठी हृदय थांबावंही लागत नाही. बाळाला पाजायला दूध येत नाही, पाळी परतत नाही, थंडी सोसत नाही, थकवा जात नाही. घरातले म्हणतात, ‘बाळंतपणाचा अशक्तपणा आहे’, आणि टॉनिकवर वर्षं निघून जातात. हे मला फार सलतं, कारण रक्ततपासणीत ते सापडतं आणि गोळ्यांनी आवरतं.

एक नियम मात्र पाळावा लागतो. कॉर्टिसॉल आणि थायरॉईड दोन्ही कमी असतील, तर आधी स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन. उलटं झालं तर रुग्ण अचानक कोसळू शकतो. म्हणून जुन्या थकव्यासाठी थायरॉईडची गोळी सुरू होताना, कधीकाळी झालेला जबर रक्तस्राव किंवा थांबलेलं हृदय डॉक्टरांना सांगायचं राहू देऊ नका.