कॅमकॉर्डर घेण्यापूर्वीं

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्याचे वडील मुलासह मजकडे आले. ते उल्हासनगरांतील एका शिलाईच्या कारखान्यांत कामास आहेत. अंबरनाथचें शिवमंदिर व त्याच्या कडेनें वाहणारी वालधुनी नदी यांचे व्हिडिओ काढून यूट्यूबवर घालावे, असें मुलाच्या मनांत होतें. “सर, याच्या कॅमेऱ्यासाठीं दोन महिन्यांचा पगार घालूं काय?” असा वडिलांचा प्रश्न. त्यांस जें सांगितलें, तें इतर पालकांच्याही उपयोगीं पडेल, म्हणून येथें लिहितों.

दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडन गांठलें व विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला. परंतु परत येतांच त्यांनीं मोठा चित्रपट काढावयास घेतला नाहीं. वाटाण्याचें रोप कसें वाढतें, याचीं क्रमाक्रमानें चित्रें घेऊन त्यांनीं एक लहानसा चित्रपट केला आणि तो दाखवून भांडवल मिळविलें. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर, १९१३ च्या मे महिन्यांत, लोकांपुढें आला. आधीं लहान प्रयोग, मग मोठा खर्च, हा त्यांतील बोध होय.

सबब पहिले चार-पांच व्हिडिओ घरांतील मोबाईलवरच काढावे. त्यांत कोणती उणीव भासते, हें कळल्यावर कॅमकॉर्डरचा विचार करावा. कॅमकॉर्डरचे विशेष गुण तीन. तो हातांत नीट धरतां येतो. बॅटरी व कार्ड पुरेल तोंवर न थांबतां चित्रण करतो. आणि दूरची वस्तु जवळ आणतो. या तिसऱ्या गुणाविषयीं मात्र सावध असावें. ‘ऑप्टिकल झूम’ म्हणजे भिंगें पुढेंमागें सरकून चित्र मोठें होणें. यांत स्पष्टता टिकते. ‘डिजिटल झूम’ म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणणें. यांत चित्र फिसकटतें. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आंकडा बहुधा दुसऱ्याचा असतो. मंदिराच्या भिंतींवरील कोरीव काम दुरून टिपावयाचें असेल, तर पहिलाच पाहावा.

दुसरी गोष्ट ध्वनीची. पाहणारा मनुष्य थोडेंसें अंधुक चित्र सोसतो. न ऐकूं येणारें भाषण सोशीत नाहीं. यासाठीं बाहेरचा माईक जोडण्याची खांच असलेलाच कॅमकॉर्डर घ्यावा. पुष्कळ स्वस्त यंत्रांत ती नसते.

तिसरी गोष्ट चित्राची. शाळकरी मुलाच्या कामास १९२० बाय १०८० बिंदूंचें चित्र पुरेसें आहे. ‘फोर-के’ या अक्षरांस भुलूं नये. संवेदक लहान व भिंग सामान्य असेल, तर बिंदु वाढवून संध्याकाळच्या मंद उजेडांतील चित्र सुधारत नाहीं. आपल्या देशांतील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळें घरांतील दिव्यांखालीं सेकंदास २५ चित्रें व १/५० सेकंदाचें शटर ठेवावें, म्हणजे लखलख बहुतेक टळते.

कार्डाचा हिशेब मुलांनीं स्वतः करून पाहावा. सेकंदास २४ मेगाबिट, म्हणजे ३ मेगाबाईट, या गतीनें एका तासास १०.८ गिगाबाईट जागा लागते. अर्थात् ३२ गिगाबाईटच्या कार्डांत तीन तासांस थोडें कमी चित्रण मावतें. ‘क्लास १०’ चें कार्ड सेकंदास निदान १० मेगाबाईट लिहितें. तें येथें पुरे.

मोबाईल सुधारल्यापासून साध्या कॅमकॉर्डरांची निपज पुष्कळ घटली आहे, म्हणून वापरलेलें यंत्र घेण्याचा प्रसंग येतो. तसें घेतांना दुकानांतच दहा मिनिटें चित्रण करावें, तें इयरफोन लावून ऐकावें, भिंगावर ओरखडे वा बुरशी नाहीं ना हें पाहावें, आणि त्या जातीची बॅटरी अद्याप मिळते कीं नाहीं याची खात्री करावी. बॅटरी न मिळाल्यास उत्तम यंत्रही निरुपयोगी होय. किंमत ठरवितांना माईक, तिपाई व कार्ड यांचे पैसे प्रथम बाजूस काढावे व उरलेल्या रकमेंत यंत्र बसवावें.

आणखी एक सूचना. अंबरनाथचें मंदिर संरक्षित स्मारक आहे, तेथें इ. स. १०६० चा शिलालेख आहे. तेथील नियम आधीं विचारावे, आणि कोणाचें चित्र घ्यावयाचें त्याची संमति घ्यावी.

त्या मुलानें वडिलांच्याच मोबाईलवर वालधुनीचा पहिला व्हिडिओ काढला. जवळून गेलेल्या लोकलच्या आवाजांत त्याचें निम्मे बोलणें बुडालें. तेव्हां त्यानें काटकसर करून एक छोटा माईक घेतला. दुसऱ्या व्हिडिओंत नदीच्या काळ्या पाण्याविषयीं तो काय म्हणतो, तें प्रत्येक शब्द ऐकूं येतें. वडिलांचा पगार शाबूत आहे. कॅमकॉर्डर पुढें घेतला, तर तो कशासाठीं हवा हें त्या दोघांसही आतां ठाऊक आहे.