टोकियोतली ख्रिस्ती शाळा: समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्याच्या आयटी कंपनीतून टोकियोला बदली झालेल्या कुटुंबापुढे मुलांच्या शाळेसाठी तीन मार्ग असतात. पहिला जपानी सरकारी शाळेचा. तिथे परदेशी मुलांनाही प्रवेश मिळतो, प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक टप्प्यात फी नाही, पाठ्यपुस्तकंही मोफत. पण सगळं शिक्षण जपानीत. दुसरा मार्ग एदोगावा आणि आसपासच्या भागातल्या, सीबीएसई अभ्यासक्रमाच्या भारतीय शाळांचा. तिसरा आंतरराष्ट्रीय शाळांचा. या तिसऱ्या यादीत सेंट मेरीज, सेक्रेड हार्ट, सेसेन, योकोहामाची सेंट मॉर, हिगाशिकुरुमेची ख्रिश्चन अकॅडमी अशी नावं एकामागून एक येतात आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘कॉन्व्हेंट आहे, शिस्त चांगली, डोळे झाकून घाला.’ दुसरा म्हणतो, ‘नको, पोरं ख्रिस्ती होतील.’

दोघंही पुणे-मुंबईतल्या मिशनरी शाळांच्या अनुभवावरून बोलत असतात. बिशप्स, सेंट व्हिन्सेंट, सेंट झेवियर्स या शाळांतून दीडशे वर्षं मराठी मुलं शिकून बाहेर पडली. पण त्या अनुभवाचं माप परदेशातल्या शाळेला लागू पडत नाही, आणि नेमकं तिथेच पालकांचं चुकतं.

आधी एक साधी गोष्ट. टोकियो परिसरात ख्रिस्ती आंतरराष्ट्रीय शाळा इतक्या का, याचं उत्तर इतिहासात आहे. मदर मथील्ड नावाच्या फ्रेंच धर्मभगिनी साठीकडे झुकलेल्या वयात १८७२ मध्ये योकोहामाच्या बंदरावर उतरल्या, तेव्हा जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी घालणारे सरकारी फलक चौकाचौकांत उभे होते. ते उतरवले गेले १८७३ मध्ये. म्हणजे सेंट मॉर शाळेची सुरुवात बंदी उठण्याच्याही आधीची. सेक्रेड हार्ट १९०८ ची, ख्रिश्चन अकॅडमी १९५० ची, सेंट मेरीज १९५४ ची, सेसेन १९६२ ची. व्यापारी, राजदूत आणि मिशनरी यांच्या मुलांसाठी इंग्रजीतून शिक्षण द्यायला त्या काळी पुढे आले ते मुख्यतः धर्मसंघच. यातल्या काही शाळा फक्त मुलग्यांसाठी, काही मुलींसाठी म्हणून सुरू झाल्या. बहीण-भाऊ बरोबर असतील तर हे आधीच विचारून घ्यावं, नाहीतर दोघांना शहराच्या दोन टोकांना पाठवायची वेळ येते.

‘ख्रिस्ती शाळा सगळ्या सारख्याच’ हा सर्वांत मोठा गैरसमज. वास्तविक निदान तीन प्रकार दिसतात.

पहिला कॅथलिक धर्मसंघांच्या शाळांचा. सेंट मॉर, सेक्रेड हार्ट, सेसेन, सेंट मेरीज या त्यातल्या. इथे वातावरण ख्रिस्ती असतं, सणाला मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, होतो, धर्मशिक्षणाचा तास असतो. पण शाळा सर्व धर्मांच्या मुलांसाठी खुल्या आहेत आणि वर्गात कॅथलिक नसलेली मुलं भरपूर असतात. दुसरा प्रकार प्रॉटेस्टंट, विशेषतः इव्हँजेलिकल मिशन संस्थांनी आपल्या मिशनरींच्या मुलांसाठी काढलेल्या शाळांचा. टोकियोजवळची ख्रिश्चन अकॅडमी, तैवानची मॉरिसन अकॅडमी, मनिलाची फेथ अकॅडमी, केनियातली रिफ्ट व्हॅली अकॅडमी, जर्मनीतली ब्लॅक फॉरेस्ट अकॅडमी या अशा शाळा. तिसरा प्रकार मूळ ख्रिस्ती, पण आता कुठल्याही पंथाशी न बांधलेल्या शाळांचा. कोबेची कॅनेडियन अकॅडमी १९१३ मध्ये मेथडिस्ट मिशनरींनी सुरू केली. आज ती धर्मनिरपेक्ष आंतरराष्ट्रीय शाळा आहे.

दुसऱ्या प्रकाराकडे नीट लक्ष द्यायला हवं, कारण आपल्याकडच्या मिशनरी शाळांत त्याचा अनुभव फारसा येत नाही. अशा शाळांत शिक्षकांकडून श्रद्धेच्या लेखी निवेदनावर सही घेतली जाते. बायबल हा गुण मिळणारा, उत्तीर्ण व्हावा लागणारा विषय असतो. आठवड्याला एकदा तरी चॅपल, म्हणजे प्रार्थनासभा, असते, आणि गणितापासून इतिहासापर्यंत प्रत्येक विषय बायबलच्या दृष्टीतून शिकवायचा, असं धोरण शाळा उघडपणे मांडते. प्रवेशाचेही दोन मार्ग दिसतात. काही शाळा पालकांपैकी निदान एक जण ख्रिस्ती असावा अशी अट घालतात आणि पाळकाचं पत्र मागतात. काही शाळा कुणालाही घेतात, मात्र शाळेच्या ध्येयाला विरोध करणार नाही असं पालकांकडून लिहून घेतात. यात लपवाछपवी नाही. शाळा सगळं आधी सांगते. तो कागद वाचायचं काम पालकांचं.

आता धर्मांतराची भीती. कॅथलिक शाळांपुरतं उत्तर स्पष्ट आहे. चर्चच्या धर्मकायद्यानुसार लहान मुलाला बाप्तिस्मा द्यायचा तर आई-वडिलांपैकी निदान एकाची संमती लागते, आणि कुणालाही विवेकाविरुद्ध श्रद्धा स्वीकारायला भाग पाडण्यास त्याच कायद्याने मनाई आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याची घोषणा केल्यापासून कॅथलिक शाळांची भाषाही बदलली. प्रत्यक्षात काय होतं, ते शाळेच्या मिस्साच्या वेळी पाहावं. ख्रिस्तप्रसाद वाटायची वेळ आली की कॅथलिक मुलं रांगेत पुढे जातात. बाकीची बाकावर बसून राहतात, किंवा अनेक देशांतल्या रिवाजाप्रमाणे दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून रांगेत जातात. ती खूण पाहून फादर प्रसाद देत नाहीत, फक्त आशीर्वाद देतात.

पण एवढ्यावरून भीती निराधार असं म्हणून मोकळं होता येत नाही. इव्हँजेलिकल शाळेत मुलाला ख्रिस्ताची ओळख करून देणं हा शाळेच्या अस्तित्वाचा हेतूच असतो. जबरदस्ती होत नाही, पण दहा-बारा वर्षं रोज त्या वातावरणात वाढणारं मूल त्या श्रद्धेकडे ओढलं गेलं तर ते नवल नाही. पालकांना हे चालत असेल तर प्रश्न मिटला. चालत नसेल तर ‘आमच्या वेळी कॉन्व्हेंटमध्ये काही झालं नाही’ या आठवणीवर विसंबू नये.

इथे भारतीय पालक एक महत्त्वाची गोष्ट विसरतात. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला, आणि तो अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकाला विचारल्याशिवाय धर्मशिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करता येत नाही, हे संरक्षण भारतीय संविधानाच्या कलम २८(३) ने दिलेलं आहे. ते विमानात बसून सोबत येत नाही. परदेशातल्या खासगी शाळेत नातं कराराचं असतं. प्रार्थनेला सूट आहे की नाही, हे शाळेच्या नियमपुस्तिकेत जे छापलंय त्यावर ठरतं. दुबईत तर चित्र आणखी वेगळं. तिथे सेंट मेरीज ही कॅथलिक शाळा १९६८ पासून चालू आहे, आणि अमिरातीच्या नियमाप्रमाणे खासगी शाळेतल्या मुस्लिम विद्यार्थ्यांना इस्लामी शिक्षण हा विषय द्यावाच लागतो. ख्रिस्ती शाळाही त्याला अपवाद नाही.

‘ख्रिस्ती शाळेत विज्ञान धड शिकवत नाहीत’ असंही बोललं जातं. अर्धं खरं, अर्धं खोटं. महास्फोटाच्या सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते, आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल ऑगस्टिनियन मठातले. उत्क्रांती आणि श्रद्धा यांत मूलभूत विरोध नाही, अशी भूमिका पोपनी १९५० मध्ये घेतली आणि १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी ती अधिक ठामपणे मांडली. कॅथलिक शाळेत उत्क्रांती सरळ जीवशास्त्र म्हणून शिकवतात. मात्र काही प्रॉटेस्टंट शाळा अबेका किंवा बॉब जोन्स या अमेरिकी प्रकाशनांची पुस्तकं वापरतात, आणि त्यांत सृष्टीची उत्पत्ती बायबलच्या शब्दशः अर्थाने मांडलेली असते. १९७० मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालेल्या एसीई या ख्रिस्ती शिक्षणपद्धतीत तर मूल बरंच शिक्षण एकट्याने पुस्तिका सोडवत करतं. अशा छोट्या शाळा अनेक देशांत आहेत. दुसरीकडे, मोठ्या मिशन शाळांतली मुलं अमेरिकेच्या चांगल्या विद्यापीठांत विज्ञान शिकायला जातात. तेव्हा शाळेत जाऊन आठवीचं जीवशास्त्राचं पुस्तक मागावं आणि उत्क्रांतीचा धडा उघडून पाहावा. दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा गैरसमज याहून वेगळा. ‘आपण ख्रिस्ती, शाळा ख्रिस्ती, मग प्रश्नच कुठे?’ वसईतून आखातात, जपानात गेलेल्या कॅथलिक घरांनी हे जरूर तपासावं. इव्हँजेलिकल शाळेत मुलाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची किंवा दृढीकरणाची तयारी करून घेत नाहीत. मारियाभक्ती, रोझरी, संतांचे सण यांना तिथे जागा नसते आणि बायबलच्या तासाला मूल घरी ऐकलेल्यापेक्षा वेगळं काही ऐकून येतं. उलट, नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरातलं मूल कॅथलिक शाळेत गेलं तर मिस्सात ते प्रसाद घेऊ शकत नाही, हे त्याला आधी समजावून सांगावं लागतं. नाहीतर रांगेत उभं राहिल्यावर ते गोंधळतं.

आता ज्या मुद्द्यावर सर्वांत महागात पडतं, तो: मान्यता. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणवून घेतल्याने शाळेला कुठलाही दर्जा मिळत नाही. जपानमधल्या बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळा तिथल्या कायद्याने ‘इतर शाळा’ या गटात मोडतात, त्यामुळे बाहेरच्या संस्थेची मान्यता महत्त्वाची ठरते. २००३ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने अमेरिकेची डब्ल्यूएएससी, ख्रिस्ती शाळांची एसीएसआय आणि आज सीआयएस म्हणून ओळखली जाणारी संस्था यांनी मान्य केलेल्या शाळांतून बारावी झालेल्यांना जपानी विद्यापीठाच्या प्रवेशासाठी पात्र ठरवलं. पण जपानमध्ये चाललेली पात्रता भारतात आपोआप चालत नाही. बारावी करून भारतात परतायचं तर समकक्षतेचा प्रश्न येतो. हे काम वर्षानुवर्षं असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज करत आली, आणि २०२५ मध्ये यूजीसीनेही परदेशी पात्रतेसाठी विनियम काढले. आयबी डिप्लोमा भारतात मान्य आहे. पण ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायची असेल तर भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात, आणि आयबीच्या नेहमीच्या विषयरचनेत तीन विज्ञान विषय एकत्र बसत नाहीत. त्यासाठी शाळेमार्फत खास परवानगी घ्यावी लागते, तीही अकरावी सुरू होण्याआधी. फक्त अमेरिकी हायस्कूल डिप्लोमा देणाऱ्या शाळेत तर विषयांची जुळणी नववीपासूनच पाहावी लागते. डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या मुलीला बारावीनंतर हे कळणं फार क्लेशाचं असतं.

‘मिशनरी शाळा, म्हणजे फी बेताची’ हा समज पहिल्याच ईमेलला गळून पडतो. टोकियोतल्या प्रस्थापित ख्रिस्ती आंतरराष्ट्रीय शाळांची वर्षाची फी सर्वसाधारणपणे २० लाख येनांच्या वर जाते. प्रवेश शुल्क, इमारत निधी आणि बसचा खर्च वेगळा. मिशनरी कुटुंबांना काही शाळा सवलत देतात, इतरांना नाही. कंपनी फी देणार असेल तर किती वर्षं देणार, हे बदलीच्या पत्रात लिहून घ्यावं.

एका विषयावर मात्र कुणीच भिडस्त राहू नये. धर्माची शाळा आहे म्हणून मूल सुरक्षित, असं गृहीत धरता येत नाही. पश्चिम आफ्रिकेत गिनीमधल्या मामू इथल्या मिशन वसतिगृह-शाळेत मिशनरींच्या मुलांवर अत्याचार झाले होते, हे संबंधित मिशनने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने १९९८ मध्ये मान्य केलं. शाळा बंद होऊन तेव्हा पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. कुठल्याही धर्माशी न बांधलेल्या आंतरराष्ट्रीय शाळांतही अशा घटना उघडकीस आल्या, आणि २०१४ मध्ये शाळांना मान्यता देणाऱ्या संस्थांनी बालसंरक्षणासाठी एकत्र कृतिदल स्थापन केलं. त्यानंतर नियम कडक झाले. शिक्षकाची पार्श्वभूमी आधीच्या देशातूनही तपासता का, तक्रार घेणारी व्यक्ती कोण, आणि ती मुख्याध्यापकांच्या हाताखालची आहे का, हे तीन प्रश्न प्रवेशाआधी विचारावेत. चांगली शाळा लेखी उत्तर देते.

शाळा पाहायला जाताना मुलालाही न्यावं आणि शक्य असेल तर चॅपल किंवा मिस्साच्या दिवशी जावं. टोकियोतल्या बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळांचं वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं, भारतीय आणि जपानी शाळांचं एप्रिलमध्ये. त्यामुळे बदलीची चर्चा सुरू होताच शाळेची नियमपुस्तिका मागवून घ्यावी आणि धर्मशिक्षणाचं पान आई-वडील दोघांनी वाचल्याशिवाय प्रवेश शुल्क भरू नये.