दर्यावरची रात्रपाळी

नर्सच्या नोकरीत तेहेतीस वर्षं काढली, त्यामुळे रात्रपाळीचं मला काही अप्रूप नव्हतं. तरीही २०१३ च्या मे महिन्यात, ग्रेनाडा बेटाच्या दक्षिण टोकाला, प्रिकली बे या खाडीत नांगरलेल्या शिडाच्या बोटीवर भाची सहज म्हणाली, "मावशी, एक ते चार पहारा तुझा बरं का," तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

भाची आणि तिचा नवरा चार वर्षं त्या बोटीवरच राहत होते. घर विकून पाण्यावर संसार थाटणाऱ्या या दोघांबद्दल आमच्याकडे काय काय बोललं गेलं, ते इथे नको. (मीही बोलले होते.) महिनाभर त्यांच्याकडे राहायला गेले, ती नेमकी त्यांच्या मुक्काम हलवण्याच्या वेळी.

जून ते नोव्हेंबर हा कॅरिबियन समुद्रातला चक्रीवादळांचा मोसम. एके काळी ग्रेनाडापर्यंत खाली उतरलं की बोटवाले निर्धास्त होत. २००४ च्या सप्टेंबरात 'आयव्हन'नं तो भ्रम मोडला. त्या बेटावरच्या दहातल्या नऊ घरांची पडझड झाली. (पुढे २०२४ च्या जुलैत 'बेरिल'नं ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटाची दैना केली.) म्हणून अनेक बोटी आणखी दक्षिणेला, त्रिनिदादला जातात. अंतर सुमारे ऐंशी सागरी मैल, म्हणजे आपलं मुंबई-पुणे. पण बोटीचा वेग सायकलचा! चौदा-पंधरा तास लागणारच, आणि अनोळखी बंदरात अंधारात शिरायचं नसतं. म्हणून संध्याकाळी निघायचं आणि सकाळी पोचायचं.

साडेपाचला नांगर उचलला. पूर्वेचा वारा डाव्या अंगाला लागला आणि बोट उजवीकडे कलली, ती कललेलीच राहिली. झोके खाणाऱ्या शेगडीवर भाचीनं खिचडी केली. इथला प्रवाह सतत पश्चिमेला ओढतो, म्हणून बोटीचं तोंड मुक्कामाच्या बरंच पूर्वेला धरलेलं. भरल्या नदीत आपला नावाडी पैलतीरावरच्या घाटाच्या वरच्या अंगाला रोख धरतो ना, तसं.

एक वाजता भाचीनं माझ्या अंगावरचा पट्टा बोटीच्या कडीत अडकवला. सुकाणू यंत्र सांभाळत होतं. माझं काम फक्त बघायचं. "आणि शंका आली की उठव. कारण लागत नाही," असं सांगून ती खाली गेली.

मागे ध्रुव तारा दिसत होता, पण किती खाली! जितके अक्षांश तितकाच तो क्षितिजाच्या वर असतो. मुंबईत एकोणीस अंश, इथे जेमतेम अकरा-बारा. समोर डावीकडे समुद्रातच दिवाळी लागल्यासारखा झगमगाट. तो नैसर्गिक वायू काढणारा फलाट. त्याचं नाव हिबिस्कस, म्हणजे आपली जास्वंद. त्या राक्षसाला हे नाव कोणी दिलं असेल कोण जाणे.

तीनच्या सुमारास उजवीकडे दिवे दिसले. एकावर एक असे तीन पांढरे, खाली एक लाल. लाल म्हणजे त्या जहाजाची डावी बाजू, एवढं मला शिकवलं होतं. म्हणजे ते उजवीकडून डावीकडे चाललंय. सावकाश चाललंय. जाईल की पुढून, आपण त्याच्या मागून निघू. मागे तर मोकळं काळं पाणी आहे.

उठवावं का? दोघंही दिवसभर राबलेले. मला एकदम माझं नोकरीतलं पहिलं वर्ष आठवलं. डॉक्टरांच्या खोलीच्या बंद दारापाशी मी वीस मिनिटं उभी होते, उगाच उठवलं म्हणून रागावतील या भीतीनं. तो रुग्ण वाचला, पण माझ्यामुळे नव्हे. आणि आता एकसष्टाव्या वर्षी मी पुन्हा त्याच दारापाशी उभी. दिवे कठड्याच्या ज्या खांबाजवळ दिसले होते, तिथेच होते. हलत नव्हते, फक्त मोठे होत होते. हे वाईट लक्षण, हेही मला सांगितलेलं होतं.

मी हाक मारली.

भाची वर आली, एकदाच बघितलं. "तीन! मावशी, हा टग आहे. मागे काहीतरी ओढतोय." तीन दिवे म्हणजे ओढलेल्या वस्तूपर्यंतची लांबी दोनशे मीटरहून जास्त. मला मोकळं वाटलेल्या त्या पाण्यात पोलादी दोर होता. बोलता बोलता तिनं यंत्र सोडवून सुकाणू फिरवलं, शिडं फडफडली आणि आम्ही आल्या वाटेनं तोंड केलं.

टग गेला. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक मिणमिणता लाल दिवा, आणि जास्वंदीचे दिवे एकेक करून विझले, पुन्हा एकेक करून लागले. मधून जाणारा तराफा असा दिसला.

"किती वेळ दिसत होते ते?"

"दहा मिनिटं."

ती काही बोलली नाही. बोट पुन्हा मार्गी लावली, मला आल्याचा चहा दिला. चाराला अजून अर्धा तास होता. मला वाटलं, आता पहारा काढून घेणार. तिनं फक्त माझा पट्टा ओढून पाहिला, म्हणाली, "पुढच्या वेळी पहिल्या मिनिटाला," आणि खाली जाऊन झोपली. खरोखर झोपली, घोरणं ऐकू येत होतं.

सकाळी त्रिनिदादचे हिरवे डोंगर समोर उभे राहिले. त्यांच्यामधल्या खाड्यांना १४९८ मध्ये कोलंबसानं नाव दिलं 'ड्रॅगनची मुखं'. पाणी तिथे अजूनही तसंच घुसळतं. आठाच्या सुमारास पिवळं निशाण चढवून आम्ही चागुआरामासच्या धक्क्याला लागलो. कचेरीत बोटीवरच्या माणसांची यादी भरायची होती. माझ्या नावापुढे जावयानं 'पाहुणी' लिहिलं होतं. भाचीनं त्याच्या हातून पेन घेतलं, ते खोडलं आणि 'खलाशी' लिहिलं.