विश्लेषण : शिष्यवृत्ती मिळते, पण निर्णय घेताना हातात काय असते?

इंजिनीअरिंगच्या ‘कॅप’चा पर्याय अर्ज भरताना विद्यार्थी पर्सेंटाइल बघतो आणि घरचे फी बघतात. या दोन आकड्यांचा मेळ शिष्यवृत्तीने घालायचा असतो. कागदावर पाहिले तर महाराष्ट्रात वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी कोणती ना कोणती सवलत आहे. तरीही ‘फी झेपणार नाही’ म्हणून हवी ती शाखा किंवा हवे ते कॉलेज यादीत खाली ढकलले जाते, कधी लिहिलेच जात नाही. असे का होते?

सवलत नेमकी कशावर मिळते?

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘ईबीसी’, व्यावसायिक अभ्यासक्रमाचे ५० टक्के शिक्षण शुल्क देते. अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. तिच्यात शुल्कासोबत निर्वाह भत्ताही मिळतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ‘एसईबीसी’ आणि ओबीसी प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ५० ऐवजी १०० टक्के शिक्षण व परीक्षा शुल्काचा लाभ मिळू लागला. त्यासाठी राज्यावर वर्षाला सुमारे ९०६ कोटी रुपयांचा बोजा पडेल, असे तेव्हा सांगण्यात आले.

या सगळ्यात ‘शिक्षण शुल्क’ हा शब्द महत्त्वाचा. सोपे उदाहरण घेऊ. एखाद्या खासगी कॉलेजचे शिक्षण शुल्क एक लाख आणि विकास शुल्क १० हजार आहे असे समजा. ईबीसी घेणाऱ्या मुलाचे ५० हजार सरकार भरणार, घरच्यांना ६० हजार भरावे लागणार. त्याच घरातल्या मुलीचे एक लाख सरकार भरणार, घरून जाणार १० हजार. ‘पोरीच्या शिक्षणावर एवढा खर्च कशाला’ हा घरोघरचा हिशेब इथे चक्क उलटा होतो. निदान फीपुरता तरी. कारण खोली, मेस, बस, लॅपटॉप यांपैकी काहीच शिक्षण शुल्कात येत नाही. गावाहून पुण्याला येणाऱ्या मुलीच्या घरी वाद फीवरून होत नसेल, तर खोलीभाड्यावरून होतो.

राहण्याच्या खर्चासाठीही योजना आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. शहरानुसार वर्षाला ६० हजार, ५१ हजार आणि ४३ हजार असे तिचे मूळ दर. इतर प्रवर्गांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासारख्या योजना आहेत. अडचण एवढीच की खोलीमालकाला भाडे दर महिन्याला लागते आणि भत्ता मागाहून, हप्त्याने येतो.

स्वस्त जागेला जास्त पर्सेंटाइल?

पर्याय अर्जावर शिष्यवृत्तीचा सर्वांत स्पष्ट ठसा ‘टीएफडब्ल्यूएस’ जागांवर दिसतो. तंत्रशिक्षण संस्थांमध्ये मंजूर जागांच्या पाच टक्के अशा अतिरिक्त जागा असतात. उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. शिक्षण शुल्क पूर्ण माफ. ६० च्या वर्गात या जागा होतात फक्त तीन. साहजिकच मागणी असलेल्या शाखांत त्यांचा कटऑफ त्याच वर्गातल्या खुल्या जागांहून वर जाऊ शकतो. म्हणजे पैसे नसलेल्या विद्यार्थ्याने पैसे असलेल्याहून जास्त गुण आणायचे. शिवाय या जागेवर प्रवेश घेतला की नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. त्यामुळे फीमाफीसाठी न आवडणारी शाखा घेतली, तर ती चार वर्षे सांभाळावी लागते.

आणखी एक मेख आहे. ईबीसी असो वा टीएफडब्ल्यूएस, प्रवेश ‘कॅप’मधूनच हवा, व्यवस्थापन कोट्याला सवलत नाही. आणि पहिल्या पसंतीची जागा लागली की ती आपोआप ‘फ्रीझ’ होते. पहिल्या क्रमांकावर काय लिहायचे, हा म्हणूनच घरच्या पैशांचाही निर्णय असतो. तो मोबाइलवर एकट्याने घेऊ नये.

नियमांमधल्या काही ओळी घरापर्यंत जातात. ईबीसीचा लाभ कुटुंबातील दोनच अपत्यांना मिळतो. तिसऱ्याने काय करायचे ते घरच्यांनी ठरवायचे. अभ्यासक्रमात दोन वर्षांचा खंड पडला तर लाभ थांबतो. मधेच कामाला लागून परत येणाऱ्या मुलाला हा नियम नेमका तेव्हाच आडवा येतो.

उशिराची किंमत कोण मोजते?

मी इंजिनीअरिंगला असताना माझ्या सवलतीचा दुसरा हप्ता पुढच्या वर्षाची फी भरून झाल्यावर जमा झाला. तोवर वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढले होते. पैसे मिळाले, हे खरेच. पण व्याज कोणत्याच योजनेत बसत नाही.

अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत तर रक्कमच दोन वाटांनी येते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६०:४० हे सूत्र ठरवले. केंद्राचे ६० टक्के थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात आणि त्यातले कॉलेजचे शुल्क विद्यार्थ्याने सात दिवसांत भरायचे असते. ज्या घरात एवढी रक्कम एकदम कधी आली नाही, तिथे ती आल्याच्या आठवड्यात दवाखान्याचे किंवा बियाण्याचे बिल समोर असेल तर काय होणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशावेळी शुल्क मागू नये, अशा सूचना सरकार वेळोवेळी काढते. अनेक ठिकाणी खिडकीवर मात्र ‘आधी भरा, आले की परत देऊ’ हेच ऐकू येते.

खात्री दिली तर काय बदलते?

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा एक प्रयोग इथे उपयोगी आहे. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. कमी उत्पन्न गटातील हुशार विद्यार्थ्यांना अर्जाच्या आधीच घरी पत्र पाठवले : प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, मदतीसाठी वेगळे फॉर्म नकोत. यातील बहुतेकांना एरवीही तेवढी मदत मिळालीच असती. पण पत्र न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला, पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण १२ वरून २७ टक्क्यांवर गेले. रक्कम जवळपास तीच, फक्त ती आधी आणि ठामपणे सांगितली.

आपल्याकडे क्रम उलटा आहे : आधी पर्याय अर्ज, मग प्रवेश, मग ‘महाडीबीटी’वर अर्ज, मग कॉलेज आणि विभागाकडून छाननी, शेवटी पैसे. पात्रता ठरवणारा उत्पन्नाचा दाखला तर प्रवेश प्रक्रियेत आधीच जोडलेला असतो. मग ‘तुमची फी एवढी पडेल’ हा आकडा प्रत्येक पर्यायासमोर दाखवायला काय अडते? इंजिनीअर म्हणून सांगतो, हा फार तर एका जादा कॉलमचा प्रश्न आहे.

तोवर काय करावे?

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता काढून ठेवावा. कॉलेजच्या फी-पत्रकात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळे बघावे आणि पर्यायांचा क्रम त्यानंतर लावावा. आधार कोणत्या बँक खात्याशी जोडलेला आहे तेही तपासावे. रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही. आधार शेवटचा ज्या खात्याशी जोडला त्यात ती जाते. ते खाते शाळेत असताना उघडलेले आणि आता बंद पडलेले असेल, तर पैसे परत फिरतात आणि पोर्टलवर अर्ज मात्र ‘मंजूर’ दिसत राहतो.