कीवर्ड पेरा, कोंबू नका

तेलंगणातील निर्मलच्या लाकडी खेळण्यांविषयी ऑनलाइन लिहिताना ‘निर्मल खेळणी, स्वस्त निर्मल खेळणी, निर्मल खेळणी खरेदी’ असा जप करून मजकूर शोधात वर येत नाही. क्रमवारी ठरवताना कीवर्ड मेटा टॅग विचारात घेत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. कीवर्ड कोंबणे तर गूगलच्या स्पॅम धोरणाचे उल्लंघनच ठरते. २०१९ मध्ये शोधात आलेल्या बर्ट या गूगलच्या भाषा-प्रारूपामुळे शब्दांमागचा संदर्भही आता ओळखला जातो.

‘पण शब्दच नसेल तर गूगलला कळणार कसे?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मुख्य शब्द शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात हवाच. पुढे मात्र तपशिलांना बोलू द्या: पोनिकीचे हलके, मऊ लाकूड, नक्काश कारागीर, भौगोलिक मानांकन. शोधणाऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे देताना संबंधित शब्द आपोआप येतात. ‘मराठीत विभक्तीने रूप बदलते, म्हणून मूळ रूपच वापरावे’ असेही काही जण म्हणतात. मूळ रूप शीर्षकात जरूर ठेवा. पण वाक्यात ‘खेळण्यांची किंमत’ऐवजी ‘खेळणी किंमत’ आले की वाचक अडखळतो, आणि खरेदी वाचकच करतो. पोस्ट टाकण्याआधी मजकूर एकदा मोठ्याने वाचा. कानाला खटकेल तो कीवर्ड काढून टाका.