बदल तेवढ्याच फायली

चार-दोन फायलींतील दोषासाठी सॉफ्टवेअरचा संपूर्ण संच बदलायचा, तर वेळ जातो आणि काम अर्ध्यावर खंडित झाल्यास संकेतस्थळच बंद पडू शकते. या धास्तीने सुरक्षाविषयक दुरुस्त्याही लांबणीवर पडतात. त्यावर संकेतस्थळे चालविणाऱ्या ‘वर्डप्रेस’ या सॉफ्टवेअरने जुलै २०११ मधील ३.२ या आवृत्तीत तोडगा आणला : किरकोळ सुधारणेसाठी केवळ बदललेल्या फायलींचा छोटा संच. हा संच आधीच्या एका ठराविक आवृत्तीलाच लागू पडतो. ऑक्टोबर २०१३ मधील ३.७ पासून अशा दुरुस्त्या आपोआप होऊ लागल्या. त्यापूर्वी मूळ फायली ‘चेकसम’ या पडताळणी-अंकाने तपासल्या जातात. त्यांत परस्पर फेरफार आढळल्यास पूर्ण संच बसविला जातो आणि तो फेरफार पुसला जातो. म्हणूनच मूळ फायलींना हात न लावता वेगळे प्लगइन वापरणेच श्रेयस्कर.