आपल्याच दुकानात पावती कुणाच्या नावाने फाडायची?

माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. पूर्वी काउंटरवरच्या पोरांसाठी टेम्पो म्हणजे फुकटची सोय. डिस्टिल्ड वॉटरच्या एका कॅनसाठीसुद्धा फेरी! मग मी नियम केला: दर फेरीला 100 रुपये काउंटरच्या खात्यातून टेम्पोच्या खात्यात. पैसे माझ्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात, पण फेऱ्या लगेच कमी झाल्या.

हीच युक्ती अमेरिकेचं सैन्य वापरतं. 1949 च्या कायद्याने तिथल्या संरक्षण खात्याला खेळत्या भांडवलाचे फंड उभारता आले. दुरुस्ती कारखाने, भांडारं हे विक्रेते, लष्करी तुकड्या गिऱ्हाईक. दर आधीच ठरतो, नफा-तोटा पुढच्या दरांत वळता होतो. 1992 मध्ये तिथल्या भूदलाने दुरुस्त होणारे महागडे सुटे भागही यात आणले. भाग घेतला की तुकडीच्या बजेटमधून पैसे, बिघडलेला परत दिला की क्रेडिट. आपल्याकडे जुनी बॅटरी दिली की नवीची किंमत कमी होते ना, अगदी तसंच!

पण खरी गोम दरात आहे. त्यात मजुरी-सामानासोबत कारखान्याचा कायमचा खर्चही वाटलेला असतो. दर जास्त वाटला की तुकडी भाग स्वतःच दुरुस्त करू बघते. तिचं बजेट वाचतं, कारखान्याचा खर्च मात्र तसाच राहतो. तो कमी कामांवर वाटला जातो आणि दर आणखी चढतो.

मीही नेमका इथेच फसलो. दुकानाचं एक तृतीयांश भाडं रिपेअरच्या टेबलावर टाकलं. आतला दर 300 वरून 450 झाला. पोरं कामं बाहेर 350 ला द्यायला लागली. टेबल तोट्यात दिसायला लागलं. आठ वर्षांच्या जुन्या कारागिराला मी काढणारच होतो. एका रात्री वही घेऊन बसलो. पगार आणि भाडं तर जातच होतं, एका कामामागे वाढणारा खर्च फक्त 120 रुपयांच्या सामानाचा! म्हणजे बाहेर दिलेल्या प्रत्येक कामात 230 रुपये पाण्यात.

आता टेबल काउंटरला फक्त 120 लावतं. पगार-भाडं पूर्ण दुकानाच्या नावावर. कामं परत आली, कारागीरही टिकला.

तुम्हीही आज वहीत दोन रकाने आखा: काम वाढलं की वाढणारा खर्च आणि काम नसलं तरी होणारा खर्च. कुठलाही विभाग बंद करण्याआधी दुसरा रकाना नक्की बघा!